निलंग्यातलं निळ्या दाराचं घर

लातूरहून सहलीची मिनीबस आम्हाला न घेताच निघून गेली. चूक आमचीच होती, नाश्त्याला वेळ लावला. नांदेड-लातूर भागातली जुनी आणि नव्याने दुरुस्त केलेली घरं दाखवणारी ही सहल. नांदेडातली घरं आदल्या दिवशी झाली होती, आज निलंग्याची पाळी. संयोजकांनी फोनवर सांगितलं, "एसटीने या. बाजारामागे निळ्या दाराचं माळवद विचारा." माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर असलेलं घर. मी, माझे यजमान आणि मुलगा निरंजन, असे तिघे निघालो.

निलंग्यात उतरून विचारत गेलो. दोघांनी दोन दिशा दाखवल्या. शेवटी एका गल्लीत निळं दार दिसलं. दारात इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले गृहस्थ उभे होते.

"या की, तुमचीच वाट बघायलोय," ते म्हणाले.

आत सागवानी खांब, भिंतीत देवळ्या, वर तुळया, आणि कोपऱ्यात अगदी आजचं स्वयंपाकघर. बाकीची मंडळी कुठे दिसेनात. माळवदाच्या आत काळोख असतो असं ऐकलं होतं, इथे तर लख्ख उजेड. मी मान वर करून तुळया न्याहाळत होते. गृहस्थ मात्र निरंजनकडे बघत होते. नोकरी कायमची हाय का, शहरात स्वतःचं घर हाय का, असं विचारत राहिले. इकडची माणसं मोकळी असतात, अशी मी समजूत करून घेतली.

"आता सुशीला येईल," ते म्हणाले. "पोरीनंच केलीय."

मला अर्थ लागेना. तेवढ्यात एक तरुणी ताटल्या घेऊन आली. मी म्हटलं, "बस ना, सुशीला."

ती हसू दाबत म्हणाली, "मी वैशाली. सुशीला ताटलीत हाय." (सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा पदार्थ. वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. फार चवदार.)

गृहस्थांनी विचारलं, "पत्रिका आणली का?"

माझ्या यजमानांना सहलीची कार्यक्रमपत्रिका वाटली. "आणलीय," ते म्हणाले, "पण तिच्यातली एकही वेळ खरी नाही."

गृहस्थांचा चेहरा उतरला. निरंजन माझ्याकडे बघायला लागला. मी विषय बदलून छपराबद्दल विचारलं. हे एवढं वजन भिंती कशा पेलतात? वैशाली म्हणाली, "वर चला काकू, दाखवते."

माळवदावर पांढरी माती उन्हात तापली होती. वैशालीने कठड्याशी उभं राहून हळूच विचारलं, "तुम्ही घरं बघायला आलात ना? ते घर पलीकडच्या गल्लीत हाय. आमच्याकडं आज मला बघायला येणार हायत."

मी ओशाळले. लगेच खाली जाऊन माफी मागते म्हटलं, तर तिने माझा हात धरला.

"थांबा थोडं. हे घर मी केलंय. आर्किटेक्चरच शिकलेय मी." त्र्याण्णवच्या भूकंपानंतर इकडे जड छपराखाली झोपायला माणसं घाबरतात, अण्णा, म्हणजे तिचे वडील, हे पाडायलाच निघाले होते, असं ती सांगत होती. तिने माती कमी केली, तुळया लोखंडी पट्ट्यांनी भिंतींना बांधून घेतल्या, उजेडाला वाट केली. "पाहुणे येतात, मला चालून दाखव म्हणतात. वर कुणी बघत न्हाई. तुम्ही आल्या आल्या वर बघितलं."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. खरे पाहुणे आले होते. आम्ही उतरलो तेव्हा अण्णा दोन्हीकडच्या माणसांना आळीपाळीने नमस्कार करत होते, कोण कोण ते त्यांनाही उमगत नव्हतं.

वैशाली सरळ म्हणाली, "अण्णा, हे लोक घर बघायला आलेत. आधी घर दाखवते, सगळ्यांनाच."

बघायला आलेल्या मुलाची आई म्हणाली, "आम्ही घर बघायला न्हाई आलो."

"हे मी केलंय, काकू. हे न बघता मला कसं बघणार?"

मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. अण्णांनी खांबावर हात ठेवला. "खरं हाय," ते म्हणाले. "मी पाडणार होतो. पोरीनं वाचवलं. चला वर."

ती बाई क्षणभर उभी राहिली, मग पदर खोचून जिना चढायला लागली. मुलगा तिच्यामागे गेला. आम्ही गुपचूप बाहेर पडलो.

पलीकडच्या गल्लीत मिनीबस उभी होती. तिथलं घरही निळ्या दाराचंच, आणि सुंदर. मार्गदर्शक बरंच काही सांगत होते, पण मला त्यातलं काही आठवत नाही.

नाशिकला परतून बरेच दिवस झाले. ते लग्न ठरलं का, ठरलं तर वैशाली पुढे कुणाची घरं उभी करते, काहीच कळलं नाही, आणि ते विचारायला आम्ही कोण? परतीच्या गाडीत निरंजन खिडकीबाहेर बघत बसला होता. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"घर ना?" तो म्हणाला.

मी हो म्हटलं. पण मला नक्की काय विचारायचं होतं, ते माझं मलाच समजत नव्हतं.