उत्तर इमारतीतूनच आलं

आधीच सांगतो, भूत-बीत मी मानत नाही. घरातले देवसुद्धा बायकोच्या खात्यात. भोपाळला नेहरू नगरकडच्या एका हॉस्पिटलचं — नाव राहू दे — नेटवर्क मी सांभाळतो. केबल, स्विच आणि डॉक्टरांची बोलणी, एवढंच माझं विश्व.

आमच्या पेशंटची रेकॉर्ड्स तीन मशीन्सवर आहेत — भोपाळ, इंदूर, नागपूर. गंमत म्हणजे तिन्हींचा नेटवर्कवरचा पत्ता एकच! याला एनीकास्ट म्हणतात. लहानपणी टी. टी. नगरच्या क्वार्टर्समध्ये खेळता खेळता आम्ही "काकूऽऽ, पाणी!" ओरडायचो आणि जिचं दार जवळ ती काकू तांब्या घेऊन यायची. तसंच हे. जवळचं मशीन बंद असलं, की पुढचं उत्तर देतं.

याच भरवशावर गेल्या वर्षी एका दुपारी मी भोपाळचं मशीन दुरुस्तीसाठी बंद केलं. प्लग काढला, डिस्क काढून टेबलावर ठेवली. दहाच मिनिटांत कुठल्याशा खोदकामात शहराबाहेर जाणारी केबल तुटली. इंदूर गेलं, नागपूर गेलं... त्या पत्त्यावर आता कोणीच नव्हतं.

आणि खाली माझी धाकटी बहीण मीनल! बाळंतपणाची तारीख पुढच्या आठवड्यातली, पण ती घरी बेशुद्ध पडली म्हणून तिला थेट ऑपरेशनला घेतलं होतं. ऑपरेशन थिएटरमधून फोन आला, "भैया, मीनलजी को पिछली बार कौन से इंजेक्शन से रिअ‍ॅक्शन हुआ था? रेकॉर्ड नहीं खुल रहा!" मला नाव आठवेना. जिना धावत उतरलो, तर भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "मिल गया भैया, अभी खुला."

तिथल्याच कॉम्प्युटरवरून त्या पत्त्याला पिंग केलं, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. ०.३ मिलिसेकंद! इंदूरला जाऊन यायचं तर प्रकाशालाही याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो. उत्तर आमच्याच इमारतीतून येत होतं. वर धावलो... प्लग जमिनीवर, डिस्क टेबलावर. अंगावर काटा आला, पण भीतीचा नाही. माझे हात आपोआप जोडले गेले.

केबल जोडल्यावर इंदूर-नागपूरचे लॉग, म्हणजे कोणी कधी काय मागितलं त्याच्या नोंदी, तपासले. त्या वेळात एकही विचारणा नाही. आमचे सीनियर म्हणतात, कुठेतरी जुनी प्रत राहिली असेल. कुठे, ते त्यांनाही सापडलेलं नाही.

भाची आता वर्षाची होईल. मीनल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "दादाने ऐनवेळी नेट चालू केलं, म्हणून आम्ही दोघी आहोत." मी मान खाली घालून चहा पितो. त्या दिवशी मी फक्त बंद केलं होतं. चालू कोणी केलं, मला अजून माहीत नाही.