शेषरावचे पत्र्याचे डबे

माझ्या एका ‘न्हाई’मुळे शेषरावचे सगळे डबे भंगारात गेले.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे गिळून बसलोय.

शेषराव म्हणजे नवीन जालन्यातल्या बंद पडलेल्या एका टॉकीजचा ऑपरेटर. माझा शाळेपासूनचा दोस्त. मी बदनापूरचा रिटायर मास्तर.

टॉकीज बंद झाली तेव्हा मालक जुन्या ‘फक्त प्रौढांसाठी’वाल्या सिनेमांची रिळं फेकून देत होता. लोक तोंडाला रुमाल बांधून ज्यांच्या मॉर्निंग शोला शिरायचे, ते सिनेमे. यानं त्या रिळांचे डबे ऑटोत घालून घरी आणले. मग नादच लागला. पुढे मलाही.

म्हातारे चावट होते म्हणाल. होतो थोडे.

पण बघण्यासारखं त्यात फार नसायचं हो. एक धबधबा, एक भिजलेली बाई, बाकी भयानक मारामारी. रंग उडून सगळं लाल झालेलं. डबा उघडला की सिरक्यासारखा आंबट वास.

एकदा विचारलं, “शेषा, ह्यात ठेवलंय काय?”

“मास्तर, लोकायनं पाह्यलं अन् बाहेर येऊन थुकले. ह्या बायायचं पोस्टरवर नाव बी न्हाई. ही शेवटची कॉपी असंल, तर ही गेली की ती बाई बी गेली.”

कुठून कुठून नावं शोधायचा आणि डब्यावर पेंटनं लिहायचा. सापडलं नाही तर लिहायचा, ‘हिरवी साडी. नाव बाकी.’

दवाखान्यात माझा हात धरून म्हणाला, “डबे तू घेऊन जा. पोराला कळायचं न्हाई.”

मी हो म्हणालो.

तेराव्याची पंगत उठली आणि त्याच्या मुलानं, बाळूनं, माळ्यावरून डबे उतरवले. सोबत ठेवलेलं एक पोस्टर उलगडलं. भरल्या घरात सगळे पाहुणे, माझे दोन जुने विद्यार्थीसुद्धा. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

“काका, तुम्ही तं रोज येत होते. हे काय हाय?”

“न्हाई बा. मला काहीच माहीत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याचा गाडा आला. मी कोपऱ्यावर उभा राहून बघत होतो. 

वहिनी, बाळू, आज ऐका. त्यातले अकरा डबे माझे होते, मीच त्याच्याकडे आणून ठेवलेले. बाकीचे सांभाळायचा शब्द मी दिला होता. तुमचा माणूस घाणेरडा नव्हता. मी भित्रा निघालो.

ज्यांना अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करा.

शेषा, माफ कर दोस्ता.

ओशाळल्या मनानं श्रद्धांजली.