मातामायला लावलेला कौल

माझ्या धावण्याविषयी पवनारात दोन कथा प्रचलित आहेत. माझे स्नेही वामनराव सांगतात की, साक्षात आमच्या गावदेवी मातामायने स्त्रीरूपाने मला रस्त्यात अडवले, अन्यथा मी तिथेच कोसळलो असतो. माझा मुलगा म्हणतो की, दम लागल्यामुळे बाबांना थांबायला निमित्त हवे होते. दोघेही तिथे नव्हते. मी होतो. आयुष्यभर वकिली केलेल्या माणसाला ऐकीव साक्षीची किंमत ठाऊक असते. म्हणून जे घडले ते मीच लिहितो.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर मला स्टेंट बसवला. तपासण्या चांगल्या आल्या आणि डॉक्टरांनी आधी चालण्याची, पुढे बेताने धावण्याचीही मुभा दिली. या वयात बूट घेऊन मी धावू लागलो. लोकांना ती जिद्द वाटली. ती भीती होती. छातीत जराशी कळ आली, की ती पित्ताची की हृदयाची, याचा मी मनातल्या मनात उलटतपास घेत असे. धावताना ठोके कानात येत, आणि प्रत्येक ठोक्यानंतर पुढचा पडेल ना, याची मी वाट पाही. पत्नी म्हणे, "अवो, डाक्टरनं बरं सांगतलं ना? मंग काऊन जीव टांगून ठेवता? पयता बी अन् भेता बी!" मी तिला गप्प केले.

शेवटी मी मातामायला कौल लावला. शेतांपलीकडे निंबाखाली तिचे ठाणे आहे. शेंदूर फासलेले चार दगड. मी मनोमन म्हणालो, 'घरापासून तुझ्यापर्यंत एकदाही न थांबता आलो, तर मी बरा झालो. वाटेत थांबलो, तर माझे दिवस भरले असे समजेन.' आज ते शब्द मला प्रार्थनेपेक्षा नोटिशीसारखे वाटतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. घसा कोरडा पडला, पोटऱ्या भरून आल्या, तरी थांबलो नाही. निंबाचा शेंडा दिसू लागला आणि बांधावरून हाक आली.

"ओ बाबाजी! मांगं वाघ लागला का? थांबा ना जरासक!"

भरलेल्या टोपल्याशेजारी एक बाई उभी होती. "टोपलं उचलून द्या. कोनीच दिसून नाई राह्यलं. वर्ध्याची बस निंगून जाईन माई."

डोक्यावर ओझे चढवायला वाटसरूने हात लावायचा, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही आणि कोणी नाकारतही नाही. माझे पाय थांबले. त्याच क्षणी कौल आठवला. झटक्यानंतर मी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नव्हती. एका काठाला तिने, दुसऱ्याला मी धरले. सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि वांगी भरलेले ते टोपले तिच्या चुंबळीवर चढले.

"आता पया," ती हसली, "वाघ येऊन राह्यला!" आणि बसच्या दिशेने झपाझप निघून गेली.

मी तिथेच उभा राहिलो. माझ्याच शब्दांनी माझा निकाल लागला होता. कळ येण्याची वाट पाहिली. आली नाही; पुढे कधी येणार नाही, असेही कोणी सांगितले नाही. मग थोडा चालत, थोडा धावत मी ठाण्यापर्यंत गेलो. 'माझा कौल मी परत घेतो. तू ठेवशील तसा राहीन,' एवढे म्हणून दगडांवर डोके ठेवले, आणि पुष्कळ वेळ उचलू शकलो नाही.

ती बाई देवी नव्हती. पुढे ती मला वर्ध्याच्या बाजारात दिसली; तिने मला ओळखले नाही आणि वांग्यांच्या भावावरून माझ्याशी कडाकडा भांडली. माझा दमही संपला नव्हता. मुलाने हे ध्यानात ठेवावे. परंतु त्या बांधाजवळ, त्या क्षणी मला कोणीतरी हाक मारावी, हे मी घडवले नव्हते. त्याचे ऋण मी मातामायकडेच मानतो, आणि यावर मला कोणाशीही वाद घालायचा नाही.

भीती अजून येते. कधी धावतो, धाप लागली की निमूट चालतो. पुढचा ठोका माझ्या अखत्यारीत नाही, हे मी जन्मभर कधी कबूल केले नव्हते. आता रोज सकाळी बुटांच्या नाड्या बांधताना कबूल करतो, आणि दाराबाहेर पाऊल टाकतो.