लाल गिटार आणि रबरी चपला

शेलार गावच्या बाळारामची लाल गिटार म्हणजे मूळची गरिबाघरची वस्तू. अंग प्लायवूडचं, बटणं प्लॅस्टिकची, एके काळी जो तो घ्यायचा तसली स्वस्तातली. पण जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली की ती सनईसारखी नाकातून गायची आणि लग्नाच्या हळदीत ढोलांच्या दणदणाटातही वेगळी ऐकू यायची. कल्याणची पोरं आपल्या महागड्या गिटारी घरी ठेवून तिच्या दर्शनाला येत. "काका, एकदा वाजवू द्या ना!" बाळाराम मिशीतल्या मिशीत हसायचा, पण हात म्हणून लावू द्यायचा नाही. पोटच्या पोरीलाही नाही. तो वाजवत असताना लहानगी उन्नती जवळ आली की "हो मागं!" म्हणून हाकलायचा. ती मग चुलतभावाच्या गिटारीवर शिकली आणि बापाच्या वरताण निघाली.

गावाला बाळारामची आणखी एक खोड ठाऊक होती. हळदीच्या मांडवात देव बसलेला असतो, सगळे अनवाणी. हा मात्र रबरी चपला घालूनच वाजवणार. "मोठा कलाकार हाय, देवालापन भीत न्हाय," बाया म्हणायच्या. खरं कारण वेगळं होतं. ती गिटार आणि तो अ‍ॅम्प्लिफायर, ही जोडी करंट मारायची. तारांवर हात, पाय ओले आणि ओठ माईकला लागले की संपलं. बाळाराम एकदा असाच आडवा झाला होता, ओठ भाजला होता, आणि चहानं पोळलं म्हणून सांगून मोकळा झाला होता. दुरुस्तीला द्यावं तर तो आवाज जाईल, लोकांना कळलं तर मान जाईल. तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा त्याचं बोट मोडलं. पूर्णा गावातल्या एका हळदीची सुपारी तर घेतलेली, म्हणून ती जोडी देऊन उन्नतीला पाठवावं लागलं. तारा पुसून घे, आवाज चढवू नको, अशा नाना सूचना त्याने दिल्या. तेवढी एक मात्र ओठांवर येऊन परत गेली. पोरीच्या पायात जाड रबरी तळाचे बूट होते. ते बघून त्याने स्वतःची समजूत घातली.

दिवेलागणीला त्याच्या बायकोने, कमळने, चहा पुढे ठेवला आणि सहज म्हणाली, "बूट मांडवाच्या बाहेर काढील ना ती. ती काय तुमच्यासारखी उर्मट न्हाय."

बाळारामचा हात कपासकट तिथेच थांबला. नवरदेवाची हळद, घागरीच्या घागरी पाणी, ओली जमीन. त्याने फोन लावला. नुसताच वाजत राहिला. ढोलांत कोणाला ऐकू येणार? शेजारच्या विपुलच्या मोटारसायकलवर तो मागे बसला. "काय झायलं, काका?" "तू चल!" पूर्णाच्या गोदामांपाशी कंटेनर एकमेकांत अडकून पडले होते. बाळाराम उतरला आणि पळत सुटला.

लांबून गिटार ऐकू आली तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. वाजतेय तोवर पोरगी उभी आहे. ज्या आवाजाचा आयुष्यभर तोरा मिरवला, त्याच्यापुढे तो आता हात जोडत होता: थांबू नको, बाई.

आणि ती थांबली. नुसते ढोल वाजत राहिले. "आई एकविरे, मना ने, तिला ठेव," असं पुटपुटत बाळाराम मांडवात शिरला.

उन्नती उभी होती. धडधाकट. एक गाणं संपून दुसरं सुरू होत होतं. अनवाणी पाय हळदीच्या चिखलात, बोटं तारांवर, आणि तोंड माईककडे वळलेलं. बाळारामने धाव घेतली आणि प्लग उपटला.

हळदीत वाजप बंद पडणं म्हणजे अपशकुन. नवरदेवाचा मामा दामू अंगावर धावून आला. "पिऊन आलास काय रं?"

"करंट मारते ती!" बाळाराम सगळ्या मांडवासमोर ओरडला. "मना पहिल्यापासून ठाव हाय. म्हणून चपला घालतो मी!"

दामू दोन पावलं मागे सरला. लग्नाचे धवले गाणारी म्हातारी सीताबाई तेवढी शहाणी. तिने धवला उचलला, बायांनी साथ धरली आणि हळद पुढे सुरू झाली.

उन्नती वायरचं टोक हातात धरून बापाकडे बघत होती.

"म्हणून मना जवळ येऊ देत नव्हतास?"

त्याने होकाराची मान हलवली.

"मना वाटायचं, मी पोरगी म्हणून."

एवढी वर्षं त्याने मान सांभाळला, आवाज सांभाळला, आणि पोर हे असलं काहीतरी मनात घेऊन मोठी झाली.

साउंडवाल्याने लाल गिटार आपल्या नव्या सिस्टिमला जोडून दिली. उन्नती वाजवू लागली. आवाज स्वच्छ निघाला, पण तो नाकातला पीळ गेला होता. बाळारामने धसकून लोकांच्या तोंडांकडे पाहिलं. बाया नाचत होत्या. दामूही नाचत होता. फरक एकाही माणसाला कळला नव्हता.

बाळारामने मांडवाबाहेर जाऊन चपला काढल्या आणि परत येऊन लेकीच्या अगदी जवळ उभा राहिला.