बर्फाच्या नदीत पप्पा

कॅनडात, कॅल्गरीला नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली, तेव्हा आई-पप्पा पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आले. पहिला आठवडा पप्पांनी खिडकीत बसून काढला. "रस्त्यावर माणसं कुठायत गं? संपबिंप आहे का आज?" असं ते रोज सकाळी विचारायचे. बोरिवलीत आमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर पाऊल टाकलं की बोलायला कुणीतरी भेटतंच. इथे दिवसभरात दिसायचा एक कुत्रा आणि त्याला फिरवणारी बाई, आणि त्या दोघांनाही मराठी येत नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात पप्पा आईच्या चहात खोड काढायला लागले. म्हटलं, आता यांना बाहेर काढायलाच हवं. शनिवार-रविवार डोंगरात जायचं ठरवलं.

डोंगर म्हटल्यावर पप्पा एकदम खुलले. रिटायर झाल्यापासून ते दर रविवारी नॅशनल पार्कातून चालत कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत जातात, मोठ्या चैत्यात थोडा वेळ डोळे मिटून बसतात आणि खाली येऊन मीठ-तिखट लावलेली काकडी खातात.

"मला चढाचं काही नाही," गाडीत त्यांनी मला बजावलं. "तू फक्त आईला सांभाळ."

आईने मागच्या सीटवरून नुसतं "हं" केलं. तिने जन्मभर महापालिकेच्या शाळेत चौथीचे वर्ग सांभाळले होते. तिच्या त्या "हं"मध्ये बरंच काही असतं.

पायवाट जिथे सुरू होते तिथे अस्वलांपासून सावध राहा अशी पाटी होती. शेजारी उभ्या असलेल्या वनखात्याच्या बाईंनी आम्हाला समजावलं, की अस्वलाला अचानक दचकवायचं नाही, चालताना सारखा आवाज करत राहायचं, म्हणजे ते आपणहून लांब जातं. पप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपल्या इंग्रजीत त्यांना सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे बिबट्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतो."

बाईंचे डोळे मोठे झाले. "मग तुम्ही काय करता?"

"वॉचमन शिट्टी मारतो."

पप्पा विजयी मुद्रेने चालायला लागले.

आवाज करायची जबाबदारी आईने घेतली. आमच्या सोसायटीच्या गेल्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरून काय काय झालं, ते तिने पहिल्या वळणापासून सुरू केलं. तेही वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. सेक्रेटरी काय म्हणाले, त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काय म्हणाल्या, सगळं हावभावांसकट. अस्वल जाऊ दे, त्या अख्ख्या जंगलात आम्हाला एक खारसुद्धा दिसली नाही.

अर्ध्या तासात पप्पांना धाप लागली. पण कबूल करतील तर ते पप्पा कसले! ते दर थोड्या अंतरावर थांबायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "इथे एक फोटो काढ." मी काढायचे. पुढच्या झाडाखाली पुन्हा, "इथेही काढ. लाइट चांगला आहे." त्या दिवशीचे पप्पांचे इतके फोटो माझ्याकडे आहेत, की ते एकामागून एक सरकवले तर त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेलेला स्पष्ट दिसतो.

"अहो, दमला असाल तर बसा ना," आई म्हणाली. ती पाण्याच्या टाकीवरून एव्हाना लिफ्टच्या दुरुस्तीवर आली होती आणि तिला जराही धाप लागली नव्हती.

"दमलोय कुठे? निसर्ग बघतोय."

वर तळं होतं, त्यामागे बर्फाने माखलेला सुळका. पप्पा दगडावर टेकले आणि म्हणाले, "कान्हेरीपेक्षा जरा उंच आहे."

संध्याकाळी लॉजवर आईला काउंटरवर एक पत्रक मिळालं. त्यावर रबरी होडीत बसून लाटांवर उडणाऱ्या माणसांचा फोटो होता. सगळे हसत होते. "उद्या हे करू या," ती म्हणाली.

"वेड लागलंय का तुला?" पप्पा ताडकन उठले. "मला पोहता येत नाही. तुला येत नाही. हिला तरी कुठे येतं?"

"लाइफ जॅकेट देतात ना. आणि फोटोत बघा, तुमच्याहून म्हातारा माणूस आहे."

बहुतेक त्या म्हाताऱ्यामुळेच पप्पा तयार झाले.

सकाळी नदीकाठी आम्हाला अंगाला घट्ट बसणारे रबरी सूट दिले. पाणी थेट हिमनदीतून येतं, सूट नसेल तर माणूस गारठतो, असं सांगितलं. त्या सुटात शिरताना आईने एका तंबूत मला हाताशी धरून जे काही केलं ते सोललेल्या केळ्याला परत साल चढवण्यासारखं होतं. शेजारच्या तंबूतून पप्पांचा आवाज आला, "अगं, याची चेन पुढे असते का मागे?"

होडीत आम्ही तिघं, एक नवीन लग्न झालेलं जोडपं आणि मागे सुकाणूला आमची गाइड, एक दणकट, हसरी मुलगी. ती "फॉरवर्ड" म्हणाली की पुढे वल्हवायचं, "बॅक" म्हणाली की मागे. पप्पांना हे व्यवस्थित समजलं होतं. पण पहिली लाट समोर दिसल्याबरोबर त्यांनी वल्हं पोटाशी धरलं आणि डोळे मिटले.

"अहो, वल्हवा!" आई ओरडली. "पुढे! पुढे!"

होडी वर उडाली, खाली आपटली, बर्फाचं पाणी थोबाडावर बसलं आणि त्याच क्षणी पप्पांच्या तोंडून जोरात निघालं, "जय भीम!"

आम्ही पलीकडे पोचलो. सगळे जागेवर होते. गाइडने विचारलं, ते काय ओरडलात? आईने दम घेत समजावलं, की आमच्यात एकमेकांना भेटल्यावर तसं म्हणतात, आणि हिंमत हवी असेल तेव्हाही म्हणतात. गाइडला ते फारच आवडलं. पुढच्या लाटेआधी तिनेच "वन, टू, थ्री" केलं आणि अख्खी होडी, ते नवं जोडपंसुद्धा, मोडक्यातोडक्या उच्चारात "जय भीम" ओरडली. त्यानंतर पप्पांनी डोळे मिटले नाहीत. वल्हं मात्र ते शेवटपर्यंत उलट्या दिशेनेच मारत होते.

मग नदी रुंद झाली, संथ झाली. गाइड म्हणाली, कुणाला पाण्यात उतरायचं असेल तर इथे उतरा. ते जोडपं लगेच उडी मारून मोकळं झालं.

पप्पा पाण्याकडे बघत होते. "हे जॅकेट घातलं की बुडत नाही ना नक्की?"

"पप्पा, राहू दे ना," मी म्हटलं. "खूप गार आहे."

ते माझ्याकडे न बघता बोलले. "आमच्या गावात मोठी विहीर होती. उन्हाळ्यात पोरं तिच्यात सूर मारायची, तिथेच पोहायला शिकायची. आम्ही लांबून बघायचो. आपल्याला काठाला जायचीही परवानगी नव्हती. म्हणून राहिलं शिकायचं."

अकोल्याकडचं ते गाव पप्पांनी कॉलेजसाठी सोडलं, एवढंच मला माहीत होतं. विहिरीचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. तोवर त्यांनी दोन्ही पाय बाहेर टाकले होते. आईने त्यांचा खांदा धरला, मग सोडला. पप्पा घसरत पाण्यात गेले, मोठ्याने किंचाळले आणि वर आले. जॅकेटने त्यांना उताणं तरंगत ठेवलं. हात पसरून, आभाळाकडे बघत ते आमच्या बाजूने वाहत राहिले.

"बास झालं, या आता वर," आई म्हणाली.

"थांब गं जरा."

"ओठ निळे पडलेत तुमचे!"

"पडू देत."

शेवटी गाइडने आणि मी त्यांना जॅकेटला धरून मासा ओढावा तसं आत घेतलं. दात इतके वाजत होते की बोलता येईना. आईने स्वतःचा टॉवेल त्यांच्या डोक्याला गुंडाळला आणि किनाऱ्यापर्यंत त्यांना रागावत राहिली. रागावताना ती त्यांचे हात चोळत होती.

परत गेल्यावर पप्पांनी कांदिवलीला पोहण्याच्या क्लासात नाव घातलं. ही बातमी मला आईने फोनवर तक्रार म्हणून सांगितली. दुपारी जेवण झालं की पलंगावर पालथे पडून पाय मारत बसतात, म्हणे. नवीन चादरीची पार वाट लागली.

पप्पांनी तिच्या हातून फोन घेतला. "शिकवतात चांगलं," ते म्हणाले. "पण पाणी फारच कोमट आहे गं इथलं. आणि जॅकेट घालू देत नाहीत."