भिंतीपलीकडचा कंट्रोलर
कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजल्याचा वास आला की मला नरडाण्याच्या घरातली ती दुपार आठवते. वाटणीत घराच्या मधोमध भिंत आली होती. टीव्हीला जोडलेला जुना लिनक्स कॉम्प्युटर मी घासाघीस करून मिळवला आणि तो ज्याने चालवायचो तो गेमचा कंट्रोलर थोरल्या भावाकडे गेला. ‘ठेव ते खेळणं, भाऊ,’ असं मी हसून म्हणालो होतो, कारण माझ्याकडे माऊस होता. गेलेल्या मायचा एकमेव व्हिडिओ त्या कॉम्प्युटरमध्ये होता. कॉपी हवी तर विहिरीच्या पाण्याची पहिली पाळी सोड, असं मी त्याला बजावलं होतं. त्या दुपारी त्याच्या अंगणात वांगी भाजत होती, मी जेवत होतो, आणि कोणी हात न लावता पडद्यावरची, फाईल निवडायची निळी पट्टी सरकू लागली. फोल्डरमागून फोल्डर उघडत ती मायच्या व्हिडिओवर गेली आणि ‘डिलीट करायचं?’ या प्रश्नावर थांबली. बिनतारी कंट्रोलर भिंतीपलीकडूनही चालतो, आणि त्या व्हिडिओपर्यंतची बटणं भावाला न बघताही पाठ आहेत, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. ‘भाऊ, हात काढ!’ मी ओरडलो. पलीकडून शांत आवाज आला, ‘माय काय तुनी एकलानी शे का? कॉपी दे, नहीतं कोणलेच नको.’ नुसतं ‘देतो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. रागाच्या भरात मी कॉम्प्युटरची वायरच उपटली आणि पडदा काळा झाला. त्याने आधी बटण दाबलं की मी आधी वायर ओढली, मला माहीत नाही. चूक त्याचीच, असं मी आजही सगळ्यांना सांगतो. पण तो कॉम्प्युटर मी पुन्हा कधी चालू केलेला नाही.