टॉप स्पीड त्रेचाळीस

टेसचा टॉप स्पीड ताशी त्रेचाळीस किलोमीटर आला, तेव्हा मला संशय यायला हवा होता. मला आनंद झाला.

नुसता आनंद नाही. मी लॅपटॉप घेऊन किचनमध्ये गेलो आणि बायकोला म्हणालो, "पल्लवी, कोचिंग म्हणतात ते हे." ती ऑफिसच्या कॉलवर होती. तिने म्यूट आहे का ते आधी बघितलं, मग माझ्याकडे.

मी मेलबर्नच्या एका युनिच्या, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या, विमेन्स सॉकर टीमचा हेड कोच. मूळचा कोल्हापूरचा. आमच्याकडे फुटबॉल पेठेपेठेत चालतो, त्यामुळे बायोडेटात लिहिण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं. स्टुडंट व्हिसावर आलो, शनिवारी सकाळी दहा वर्षांखालच्या मुलींना बूट बांधायला शिकवत सुरुवात केली, कोचिंगचं एकेक लायसन्स काढत गेलो. बारा वर्षांनी हेड कोच झालो आणि पाचव्या आठवड्यात लॉकडाऊन लागला. म्हणजे हेड होतं, कोच करायला काही नव्हतं. घरापासून पाच किलोमीटरच्या आत, दिवसातून एक तास व्यायाम. बॉल ट्रुगानिना उपनगरातल्या माझ्या गॅरेजमध्ये पडून होते.

त्यात आमचे स्पोर्ट्स डायरेक्टर ग्रॅहम यांचा फोन आला. संदीपचा सँडी त्यांनी पहिल्याच दिवशी करून टाकला होता.

"सँडी, मेट, स्क्वॉड कमी करायचाय. चोवीसच्या सोळा. शुक्रवारपर्यंत नावं दे. आणि कारणंही दे, नाहीतर पालक माझं डोकं खातील."

मुली तर मला दिसत नव्हत्या. दिसत होते ते त्यांच्या जीपीएस वेस्टचे आकडे. हे वेस्ट म्हणजे जर्सीच्या आत घालायचं तोकडं बंडीसारखं जाकीट. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये खिसा असतो, त्यात काडेपेटीएवढं यंत्र. खेळाडू किती पळाली, कुठे पळाली, किती वेगाने पळाली, सगळं कॉम्प्युटरवर येतं. लॉकडाऊनच्या आधी प्रत्येकीने आपापलं वेस्ट घरी नेलं होतं.

मी झूमवर चोवीस चौकोनांसमोर भाषण ठोकलं. "मी कुणाचं तोंड बघून टीम निवडणार नाही. फक्त नंबर्स बोलतील." बोलताना मी स्वतःलाच फार आवडलो. पेठेत तालमीच्या ओळखीवर टीममध्ये घुसणारे मी पाहिले होते. इथे मी न्याय आणणार होतो.

आता टेसबद्दल. लेफ्ट बॅक, सेकंड इयर, कमी बोलणारी. कामगिरीत कायम टीमच्या मध्यावर असलेली मुलगी. दोन आठवडे तिचे आकडे जवळजवळ शून्य होते. भाषणानंतर दोन दिवसांनी ते असे काही उसळले, की मी झूमवर तिचा ग्राफ सगळ्यांना दाखवला.

"बघा आणि लाज वाटू द्या," मी म्हणालो.

कॅप्टन मिया म्हणाली, "कोच, ही आपल्या टीम बसपेक्षा फास्ट झालीये."

"जळू नकोस," मी म्हणालो. टेसचा कॅमेरा बंद होता. मला वाटलं, विनय.

ठेवायच्या सोळा जणींच्या यादीत पहिलं नाव टेसचं टाकलं. ग्रॅहमला ग्राफही पाठवला. ते इतके खूश झाले की म्हणाले, युनिच्या न्यूजलेटरमध्ये छापू, फोटोसकट, 'लॉकडाऊन हीरो'. सोमवारी. मजकूर तू लिही.

त्या मजकुरासाठी मी टेसच्या पळण्याचा नकाशा उघडून बसलो होतो. पल्लवी चहाचा कप ठेवायला आली. ती डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. दुसऱ्याच्या स्क्रीनवर नकाशा दिसला की तिला राहवत नाही.

"अरे, ही दर वीस-तीस मीटरला थांबते का?"

"इंटरव्हल ट्रेनिंग," मी म्हणालो.

"प्रत्येक झाडापाशी?"

"स्ट्रेचिंग करत असेल."

"आणि मग या पार्कात गोल गोल गोल, एकदम सुसाट. आणि पुन्हा झाड."

आमची आठ वर्षांची इरा खुर्चीच्या मागून वाकली. तिने दोन सेकंद नकाशा बघितला.

"Baba, she's stopping to wee," ती म्हणाली. "शू. That's a dog."

चहा निवला. मी त्रेचाळीसचा आकडा पुन्हा वाचला. इतक्या वेगाने ऑलिम्पिकमधल्या मुलीही पळत नाहीत, हे मला माहीत होतं. लायसन्सच्या परीक्षेला होतं. मी पासही झालो होतो.

मग मला राग आला. टेसच्या यादीतल्या जागेसाठी मी वगळलेल्या आठ मुलींपैकी एकीला विनाकारण घरी बसवणार होतो. टेस आमच्यापासून चार किलोमीटरवर राहायची, म्हणजे नियमात बसत होतं. तिला मेसेज केला, पार्कात भेट, मास्क घालून ये. गाडीत जाताना मी कोल्हापुरी शिव्यांचं इंग्रजी करून बघितलं. होत नाही.

ती गेटमधून आली तेव्हा आधी तिचा पाय दिसला. डाव्या पायात गुडघ्याच्या खालपर्यंत मून बूट होता. हाड मोडल्यावर प्लास्टरऐवजी घालतात तो. हातात दोरी, आणि दोरीला गस. गस म्हणजे मेंढ्या हाकणाऱ्या केल्पी जातीचा कुत्रा. त्याने मला ओळखल्यासारखी उडी मारली. तोही एका अर्थी माझाच खेळाडू.

"कधीपासून?" मी बुटाकडे बोट दाखवलं.

"तीन आठवडे. स्ट्रेस फ्रॅक्चर."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू म्हणालास फक्त नंबर्स बोलतील." तिचा आवाज फाटला. "माझ्याकडे नंबर नव्हतेच, कोच. युनित मी या टीमशिवाय कुणालाच ओळखत नाही. इथून काढलंस तर मी कुठे जाऊ?"

गसची दोरी आवरत ती म्हणाली, "डॅड गसला पार्कात न्यायचा. वेस्ट गसच्या अंगावर बांधून डॅडला सांगितलं, युनिचा प्रोजेक्ट आहे. मला वाटलं थोडे आकडे येतील. हा मूर्ख इतका पळेल असं वाटलं नव्हतं."

माझ्या उजव्या पायाचा अंगठा अजून वाकडा आहे. सतराव्या वर्षी तो मोडला होता आणि सरांना कळलं तर जागा जाईल म्हणून मी तीन मॅच तसाच खेळलो. सरांनी एकदाही विचारलं नाही. तेव्हा मी ठरवलं होतं, कोच झालो तर असा होणार नाही. तसाच झालो होतो. वर सॉफ्टवेअर घेऊन.

"सोमवारी न्यूजलेटर आहे," मी म्हणालो.

"मला माहितीये," ती म्हणाली आणि रडायला लागली. दीड मीटरवर उभं राहून रडणाऱ्या मुलीचं काय करायचं, हे कुठल्याच लायसन्सला नव्हतं. गसला होतं. तो जाऊन तिच्या बुटावर बसला.

घरी येऊन ग्रॅहमना फोन लावला.

"तो हीरो कुत्रा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे तू लेफ्ट बॅकला कुत्रा घेतलास?"

"पहिल्या नंबरावर."

"सँडी, तुझं प्रोबेशन चालू आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. चूक टेसची आहेच, पण त्याआधी माझी आहे. मला एक आठवडा द्या. मी प्रत्येकीला फोन करतो. आणि जखमी मुलीला जखमी असताना काढायचं नाही, हे नियमांत लिहा."

संध्याकाळी टेसने स्वतःच झूमवर सगळ्यांना सांगितलं. कॅमेरा चालू ठेवून. मी माफी मागितली आणि विचारलं, अजून कुणाला काही सांगायचंय? मियाने हात वर केला. कॅप्टन. तिने वेस्ट सायकलला बांधलं होतं. गुडघा दुखत होता. तिच्यानंतर आणखी दोन हात आले. टेसच्या ग्राफवर बसची चेष्टा मियाने का केली, हे तेव्हा लक्षात आलं. आकडे खोटे आहेत, असा ती मला क्लू देत होती.

ग्रॅहमनी आठवडा दिला. यादी सोळाची अठराची झाली. सहा मुलींना मी फोन करून नाही म्हणालो, आणि कारण आकड्याचं सांगितलं नाही. न्यूजलेटरमध्ये त्या जागी युनिच्या बागेतल्या गुलाबांचा फोटो आला. प्रोबेशन तीन महिने वाढलं. टेस पुढच्या सीझनला परत आली, पहिल्या मॅचमध्ये अकरा मिनिटं खेळली आणि थ्रो-इन चुकीचा टाकला. मी टाळ्या वाजवल्या.

आता मी आकडे बघण्याआधी फोन करतो. पहिला प्रश्न, पाय कसा आहे. दुसरा, वेस्ट कुणाच्या अंगावर आहे.

टीमच्या सिस्टिममध्ये सगळ्यात जास्त वेगाचा रेकॉर्ड अजून त्रेचाळीसच आहे. तो डिलीट होत नाही, असं मी ग्रॅहमना सांगितलंय. होतो.